पन्नासाला दीड फूट

नृसिंहमास्तर दमले होते. आता ह्यात नवल ते काय? तीस वर्षं पोरांना भूगोल आणि चित्रकला शिकवलेला माणूस दमणारच. पण मास्तरांचं दमणं झोपून जाणारं नव्हतं. सकाळी अंथरुणात उठून बसले की तेव्हाच ते दमलेले असत. त्यात घरमालकानं पुन्हा एकदा सांगून ठेवलं होतं, "मास्तर, पुढच्या दिवाळीपतोर जागा मोकळी करा बरं का. धाकट्याचं लगीन काढायचंय."

मास्तरांचं काय, त्यांना कुठंही झोप लागली असती. दोन ट्रंका, एक फळा आणि एक तांब्याचा हंडा उचलला की त्यांचं बिऱ्हाड हललं. खरी पंचाईत अक्काची. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. ऐन उमेदीत नवरा गेला, तेव्हापासून भावाकडंच. पुढं मास्तरांची बायकोही गेली, मग भावाची पोर हिनंच वाढवली आणि गारगोटीला नांदायला पाठवली. कोल्हापुरातल्या पेठांमधून ह्या बहीणभावांनी सात भाड्याच्या जागा केल्या. दर जागेत अक्कानं मातीची चूल घातली आणि निघायच्या दिवशी स्वतःच्या हातानं फोडली. "माझी चूल दुसरीच्या हाताखाली ठिवायची न्हाय," म्हणायची. फोडली की त्या दिवशी ती जेवायची नाही. मास्तर समजून जायचे आणि आपलं ताट घेऊन गप बसायचे.

आता सातवी चूल फोडायची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "नरसू, मला दागिना नको, काशी नको. मरायच्या आदी एक चूल अशी घालू दे, की जी कुणी फोड म्हणणार न्हाय. एवढंच कर बाबा."

मास्तरांनी मान हलवली. दुसरं काय करणार?

संस्थान विलीन होऊन पाचसहा वर्षं झाली होती, आणि गावात सोसायट्यांचं नवं वारं सुटलं होतं. जो उठेल तो घराची सोसायटी काढतोय! अशाच एका सोसायटीत मास्तरही शिरले. वीसजण होते. शिक्षक, कारकून, कंपौंडर, आणि बनाबाई म्हणून दवाखान्यातली एक नर्स. सेक्रेटरी होता जोतीराम, कचेरीतला कारकून. माणूस वाईट नव्हता, पण त्याला सगळं कालच व्हायला हवं असे. गारगोटीच्या रस्त्याला लागून एक लांबट पट्टी मिळाली. इनामाची जमीन, दप्तरात जुन्या बिघ्यांचा आकडा, तोही अंदाजानं लिहिलेला. विकणारा म्हणाला, "हद्दीचे दगड हाईत, तेवढी तुमची. किती भरती ती तुमी बघा." सरकारी मोजणीदाराची पाळी यायला वर्ष लागलं असतं. जोतीरामाला वर्षभर दम कुठला! तो एक जुना नकाशा घेऊन थेट मास्तरांच्या दारात आला.

"मास्तर, पोरांना नकाशावरनं क्षेत्रफळ काढायला तुम्हीच शिकवता की न्हाई? मग आमचंबी काढा की."

नकाशा बघून मास्तरांनी कपाळाला हात लावला. संस्थानच्या वेळचा, हातकागदावरचा, पण घड्यांवर चिरून त्याचे चार तुकडे झालेले. खालचा कोपरा कसरीनं खाल्लेला. नेमकी तिथंच काढलेली प्रमाणाची पट्टी गेलेली. बाकी अक्षरं शाबूत होती: एक इंचास दोन साखळ्या. मास्तर म्हणाले, अक्षरं आहेत ना, मग झालं. पट्टी नसली म्हणून काय बिघडलं? आपली पितळी फूटपट्टी आहेच. इथंच माशी शिंकली, पण त्या वेळी कुणाला ऐकू आली नाही.

फाटका कागद तसाच वापरायचा हे मास्तरांच्या जिवाला सोसणारं नव्हतं. काही झालं तरी हात चित्रकाराचा! त्यांनी अक्काकडून गव्हाच्या पिठाची खळ शिजवून घेतली, किडा लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घातलं. अक्काचं एक जुनं लुगडं धुऊन पाटावर पसरलं. कागद भिजवला, खळ लावली, चारही तुकडे एकमेकांना भिडवून कापडावर बसवले. मग एका टोकाला मास्तर, दुसऱ्या टोकाला अक्का.

"वढ," मास्तर म्हणाले. "सुरकुती राहता कामा नये. अजून वढ की!"

"वढतीया की! फाटलं तर मला बोलायचं न्हाय."

फाटलं नाही. ताणून, कडेनं खिळे मारून वाळवलं, तर नकाशा तबल्याच्या पुडीसारखा तंग झाला. एक सुरकुती म्हणून दिसेना. मास्तर त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी हसले.

मग त्यांनी त्यावर चौकटींचा पातळ कागद ठेवला. हिशेब सोपा होता. मोजणीची साखळी तेहतीस फुटांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद एवढी जमीन म्हणजे एक गुंठा. नकाशावर दोन साखळ्यांचा एक इंच, म्हणजे अर्ध्या इंचाची एक चौकट हा झाला एक गुंठा. मास्तर चौकटी मोजत गेले, कडेच्या तुकड्यांना तुकडे जोडत गेले. अक्का समोर बसून दर चौकटीला एक चिंचोका टाकत होती. शेवटी ढीग मोजला, ऐंशी चिंचोके. ऐंशी गुंठे, म्हणजे बरोबर दोन एकर. पट्टीची लांबी निघाली हजार फूट. पन्नास-पन्नास फूट रुंदीचे वीस प्लॉट, माणशी चार गुंठे. इतका गोल हिशेब निघाल्यावर कुणाला संशय यावा?

चिठ्ठ्या टाकल्या. मास्तरांना सातवा नंबर आला, बनाबाईला अगदी शेवटचा. घरी आल्यावर अक्कानं त्या ढिगातले चार चिंचोके उचलले आणि पदराच्या गाठीला बांधले.

"हे काय?"

"माझं घर," ती म्हणाली. तेव्हापासून चार महिने ती गाठ सुटली नव्हती. एका लुगड्याची सोडायची, दुसऱ्याला बांधायची.

रस्त्याच्या वरच्या अंगाला एक दगडी विहीर होती. तिच्या बाजूनं खुंट्या मारायला सुरुवात झाली. जसजशी ज्याला सवड होईल तसतसा तो आपला प्लॉट आखून घेई. मास्तर सोडले तर पुढच्या आठजणांनी घाईनं पाये खणले, दोघांनी जोती वर काढली. मास्तर शनिवारी शाळा सुटली की जाऊन सातव्या प्लॉटवर नुसते बसून येत. शेवटी एकदा बनाबाई रजा काढून आली, आणि आखणी खालच्या टोकाला पोचली. तिथं जमीन संपली. पन्नास फुटांच्या जागी उरले होते वीस. त्यापुढं हद्दीचा दगड आणि दगडाला लागून अमीन बागवानाचं शेराचं कुंपण, मांडीएवढ्या बुंध्यांचं.

झालं! एकच गिल्ला उठला. तीस फूट गेले कुठं? कुठं म्हणजे काय, अमीननं खाल्ले! कुंपण सरकवलं, दगडही सरकवला असणार. बनाबाई बिचारी नुसती पर्स छातीशी धरून उभी. जोतीराम मात्र लाल झाला. "मामलेदाराकडं अर्ज करतो. मास्तर, तुम्ही फक्त नकाशाची एक नक्कल काढा आन अमीनचं अतिक्रमण तांबड्या शाईनं दाखवा. बाकीचं मी बघून घेतो."

मास्तर बरं म्हणाले. नाही म्हणायलासुद्धा अंगात जोर लागतो.

रविवारी दुपारी ते नक्कल करायला बसले. हद्द उतरवली, रस्ता उतरवला, विहीर उतरवली. मग राहिलं वरच्या कोपऱ्यातलं दिशाचक्र. जुन्या काळच्या कुणा नकाशावाल्यानं हौसेनं काढलेलं वर्तुळ, मध्ये उत्तरेचा बाण. मास्तरांनी कंपास उघडला, टोक मध्यावर ठेवलं आणि फिरवून बघितलं. पेन्सिल वर-खाली रेषेवर बसली, डाव्या-उजव्या अंगाला मात्र रेष बाहेर राहिली. त्यांनी कंपास पुसला, स्क्रू आवळला, पुन्हा फिरवला. पुन्हा तेच. जुन्या माणसानं वर्तुळ काढलं होतं आणि आता ते लांबट झालं होतं, अंड्यासारखं.

डावी-उजवी म्हणजे ज्या दिशेनं त्यांनी आणि अक्कानं ओढलं होतं ती, आणि जमिनीच्या पट्टीची लांबीही त्याच दिशेनं. ओला कागद ताणला गेला, ताणलेलाच वाळला. त्याच्याबरोबर ताणली गेली असती ती प्रमाणाची पट्टी कसरीच्या पोटात, आणि आपण ताणलेल्या कागदावर न ताणणारी पितळी पट्टी लावून बसलो! त्यांनी हिशेब केला. पन्नास फुटांना दीड फूट. एका प्लॉटला काही नाही, वीस प्लॉटांना तीस फूट. अमीननं वीतभर जमीन खाल्ली नव्हती. ती जमीन मुळात नव्हतीच.

"अक्का," त्यांनी हाक मारली.

अक्कानं सगळं ऐकून घेतलं. तिला साखळ्या कळत नव्हत्या, पण ओढलेलं कापड कळत होतं. तिनं वर्तुळावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "तू वढ म्हणालास, मी वढलं."

"चूक माझी. कागद ओला होता, हे कळायला हवं होतं मला."

"मग आता काय करणार?"

"सांगावं लागंल."

"आन सांगितल्यावर? ती बया वीस फुटांत ऱ्हाणार? का तू तुझी जागा तिला देणार?" तिनं त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि तिला उत्तर मिळालं. ती एकदम भडकली. "गप बस, नरसू! जल्मात एकदा तरी गप बस! त्या अमीनचा एवढा मोठा मळा हाय, तीस फुटांनी त्येला काय व्हतंय? माझ्या सहा चुली गेल्या रं, सातवी चाललीया."

आणि मास्तर गप बसले. खोटं कशाला सांगा, त्यांना बरंच वाटलं. कुणीतरी ठरवून दिलं की दमलेल्या माणसाला हायसं वाटतं. नक्कल मात्र त्यांच्यानं पुरी होईना. जोतीराम रोज निरोप धाडी, मास्तर रोज उद्या म्हणत.

आठवड्याच्या मध्यावर खुद्द अमीन आला. पन्नाशीचा, उन्हानं रापलेला, खांद्यावर पेरूंची पाटी. पाटी उंबऱ्याजवळ ठेवली आणि बाहेरच्या कट्ट्यावर टेकला.

"अक्कास्नी द्या. गोड निघाल्यात औंदा." मग म्हणाला, "मास्तर, त्यो शेर माझ्या आज्ज्यानं लावलाय. त्यानं सरकवून लावला आसंल तर मला ठावं न्हाय, मी तवा जल्मलो बी नव्हतो. लोक मला तोंडावर चोर म्हणत्यात. घरवाली मालिका म्हणती, भांडू नगा. मला बी भांडाय येळ न्हाय. तुमी नकाशा काढलाय, माझा थोरला तुमच्याच हाताखाली शिकलाय. तुमी एक शबूद सांगा. आज्जा चुकला आसंल तर मी माझ्या हातानं तोडतो."

मास्तरांच्या जिभेवर शब्द आला होता. आत अक्काच्या बिनबांगडीच्या हातातलं भांडं थांबल्याचंही त्यांनी ऐकलं. "बघतो, अमीनभाई," एवढंच ते म्हणाले. अमीन मान हलवून उठला आणि रिकाम्या हातानं चालता झाला.

त्या दिवशी अक्कानं मास्तरांना वाढलं आणि स्वतः जेवली नाही. मास्तरांनी ताटावरून मान वर केली नाही. चूल तर फोडलेली नव्हती. मग ही का जेवत नाही, हे विचारायची त्यांना छाती झाली नाही.

रविवारी सगळी सोसायटी खालच्या टोकाला जमली. मास्तर निघाले तेव्हा अक्काही पायांत वहाणा घालून मागं आली. ये म्हटलं नव्हतं, नको म्हणण्यातही अर्थ नव्हता. जाऊन बघतात तर अमीन कुऱ्हाड घेऊन कुंपणाशी उभा.

"अर्ज नगो का काय नगो," तो जोतीरामाला म्हणाला. "मास्तर गप बसलं, तवाच मला काय ते समजलं."

आणि त्यानं पहिला घाव घातला. शेराचा पांढराशुभ्र चीक बुंध्यावरून ओघळला. जोतीराम समाधानानं बघत होता. मास्तरांनी अक्काकडं बघितलं. ती त्या चिकाकडं बघत होती, आणि तिचा हात पदराच्या गाठीवर होता.

"थांबा!" मास्तर ओरडले. वर्गातसुद्धा ते इतक्या मोठ्यानं कधी ओरडले नव्हते. "अमीनभाई, थांबा. कुंपण बरोबर आहे. नकाशा चुकलाय. मी चुकवलाय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. खळ, लुगडं, ओढाओढ, वर्तुळ. जोतीरामाला ते मुळीच पटलं नाही. "मास्तर, कागद कुठं ताणतोय व्हय! तुम्ही मऊ माणूस. त्यानं येऊन रडगाणं गायलं, तुम्ही इरघळलासा."

"मग विहीर मोजा," मास्तर म्हणाले. "पहिल्या प्लॉटच्या दगडापासनं विहिरीपर्यंत. नकाशावर दोनशे फूट आहे. ती बाजू ह्यांच्या मळ्यापासनं सगळ्यात लांब."

साखळी आधी फूटपट्टीवर तपासली, मग सगळे वरच्या टोकाला गेले. जोतीरामानं स्वतः टोक धरलं. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. दोनशेला सहा फूट कमी. जोतीरामानं तिसऱ्यांदा मोजायला साखळी उचलली.

"आता बोल की," अक्का फाडकन म्हणाली. "ही दगडी हीर बी अमीननंच सरकवली न्हवं? पाटीत घालून?"

कुणीतरी हसलं. अमीन मात्र हसला नाही. तो मास्तरांकडं बघत होता, आणि त्या दिवशी मास्तर आपल्याला नुसतं 'बघतो' म्हणाले होते, हे तो विसरला नव्हता, ते त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. मास्तरांनी मान खाली घातली. माफ करा म्हणाले, पण ते इतक्या हळू की दोनदा म्हणावं लागलं.

मग पुढचं निघालं. आता शेवटच्या प्लॉटचं काय? कुणी म्हणालं, सगळ्यांनी दीड-दीड फूट सोडा. म्हणायला काय जातंय! त्या आठजणांचे पाये खणून झाले होते; ते एकमेकांची तोंडं बघायला लागले आणि उरलेलेही आपापल्या खुंट्यांशी जाऊन उभे राहिले. शिकली-सवरलेली माणसं, पण दीड फुटाला एकाचंही मन मोठं होईना. बनाबाई म्हणाली, "असू दे, मी घेते तेवढंच. एकटीला किती लागतंय?" ते ऐकून मास्तरांना जास्तच लाजल्यासारखं झालं.

"सातवा तुमचा," ते म्हणाले. "सातव्यावर खणलं नाही अजून. शेवटचा माझा." अक्काकडं बघायचं त्यांना धाडस झालं नाही.

परत येताना तीन मैल अक्का पुढं चालत राहिली. त्यानंतरचा आठवडाभरही कामापुरतंच बोलली. मास्तर शाळेत जात, येत, भिंतीला टेकून बसत. परक्या माणसाला न्याय दिला, आणि जिनं आपली पोर वाढवली तिच्याच हातची चूल काढून घेतली, हे त्यांना क्षणभर विसरता येत नव्हतं. त्यातून नियम असा की दोन्ही अंगांना पाच-पाच फूट मोकळे सोडायचे. वीसातले दहा गेले. दहा फूट रुंदीचं घर! रेल्वेच्या डब्यासारखं, एकामागं एक खोली.

तरी काढायला तर हवंच होतं. शनिवारी संध्याकाळी त्यांनी कागद घेतला, अगदी कोरडा आणि न ओढलेला, आणि नकाशा काढायला बसले. पुढं पडवी, मग बैठकीची खोली, तिच्यामागं झोपायची. सगळ्यात शेवटी, कुंपणाच्या सावलीत, अंधारी अशी स्वयंपाकाची. तिला खिडकी कुठून काढावी तेच त्यांना उमजेना.

अक्का येऊन समोर बसली. पदराची गाठ सोडली आणि चार चिंचोके जमिनीवर मांडले.

"आता ह्यातलं किती ऱ्हायलं?"

"दीड. जरा वर."

तिनं दोन चिंचोके उचलून टोपलीत टाकले. राहिलेल्या दोनांकडं बघत म्हणाली, "अर्धा कुठं फोडत बसू? दोनच ठिवते." ते तिनं पुन्हा गाठीला बांधले. मग कागद स्वतःकडं ओढून बोट ठेवत विचारलं, "हे काय?"

"पडवी."

"आन हे?"

"बैठकीची खोली. माणसं येतील-जातील ती बसतील."

"कोण येतंय आपल्याकडं? आन माझी चूल?"

मास्तरांनी शेवटच्या चौकोनावर बोट ठेवलं. मान वर केली नाही. "अक्का, माझ्यानं ह्याहून जास्त होईना गं. मी तुला..." पन्नाशी ओलांडलेला माणूस बहिणीपुढं लहान पोरासारखा रडायला लागला.

अक्कानं त्यांना रडू दिलं. मग म्हणाली, "त्या दिवशी त्यानं कुऱ्हाड उचलली न्हवं का, तवा मला माझंच हात दिसलं, नरसू. चुलीवर घाव घालणारं. बरं झालं तू वरडलास. न्हाय तर मी वरडणार हुते."

तिनं नाक पुसलं आणि कागदाला टिचकी मारली. "ही चूल मात्र मागं नको. सात घरांत मागं ऱ्हायलीया, अंधारात. ती फुडं आण. रस्त्याला लागून पैली खोली स्वैपाकाची. बैठक ने मागं."

"अक्का! पुढच्या दारात चूल? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत की. रस्त्यावरनं जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसू दे, चूल हाय म्हणून."

मास्तरांनी डोळे पुसले, खोडरबर घेतला आणि बैठकीची खोली खोडायला लागले.